आप्पा, तुमचं लॉगिन बंद केलं

आप्पा, तुमचं तेरावं झालं आणि त्यानंतरच्या सोमवारी तुमचं लॉगिन मी बंद केलं.

काम दोन मिनिटांचं. यादीत नाव शोधायचं, नावासमोरची खूण काढायची, 'जतन करा' दाबायचं. संगणक एकदा विचारतो, नक्की का म्हणून. माणूस निवृत्त झाला, बदलून गेला किंवा वारला, तर आठवड्याच्या आत त्याचं खातं बंद व्हायला हवं असा आपल्या ग्रंथालयाचा नियम आहे, आणि तो लिहिला आहे मी. तुमच्या बाबतीत मी पंधरा दिवस लावले. तुम्ही असता तर अख्ख्या देवघेव विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला असता की मॅडमनी नियम मोडला, आज पेढे वाटा.

शोकसभेत तुमच्याबद्दल सगळं सांगून झालं. कुठल्या साली लागलात, कुठल्या कुठल्या विभागात होता, किती मनमिळाऊ होता. मनमिळाऊ हा शब्द ऐकून मला हसू आलं आणि मी ते रुमालाआड दडवलं. या इमारतीत माझ्याशी तुमच्याइतकं कुणी भांडलेलं नाही. मला त्या भांडणाबद्दलच बोलायचं आहे. एक तर ते अर्ध्यावर राहिलं. आणि दुसरं म्हणजे आज सकाळी ग्रंथालय समितीची बैठक झाली, त्यात आपली घरबसल्या लेख वाचायची सेवा चालू ठेवायची की बंद करायची हे ठरायचं होतं, आणि तिथं मला तुमची बाजूही एकटीलाच लढवावी लागली.

ती सेवा मी किती हट्टानं आणली होती हे तुम्हाला माहीत आहे. विद्यापीठानं घेतलेली जर्नल्स आवारात बसलं तर कुठल्याही संगणकावर उघडतात, पण मुलगा वारणानगरला किंवा शिरोळला घरी गेला की दार बंद. म्हणून प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्यायचं, म्हणजे तो घरी बसून, शेतात बसून, एसटीत बसून वाचील. मी फॉर्म तयार केला, माहितीपत्रक केलं, दर महिन्याला 'ऑनलाइन संसाधने व सेवा : अद्ययावत माहिती' असा मेल साऱ्या विद्यार्थ्यांना पाठवायला लागले. नवीन काय आलं, काय बंद झालं, कुठं क्लिक करायचं, सगळं चित्रांसकट. मला वाटायचं, आता मुलं तुटून पडतील.

मुलं तुटून पडली, पण तुमच्यावर.

तुम्ही जुन्या काळातले. पुस्तकांच्या कपाटांत वाचकाला जाऊ देत नसत, तेव्हा वाचकानं चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि तुम्ही आतून पुस्तक काढून आणायचं. कपाटं खुली झाली, चिठ्ठ्या गेल्या, पण तुमच्या हातातून त्या गेल्याच नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या तुमच्या काउंटरवर मुलं येत, चिठ्ठीवर लेखाचं नाव लिहीत, नाव माहीत नसलं तर नुसता विषय लिहीत, आणि तुम्ही स्वतःच्या लॉगिननं आत शिरून तो लेख उतरवून द्यायचात. पुस्तकासारखाच. आतून काढून आणून दिला, एवढंच. मी शंभर वेळा सांगितलं की आप्पा, एकाचं लॉगिन दुसऱ्यासाठी वापरायचं नसतं, कराराचं उल्लंघन होतं, प्रत्येकाला त्याचं त्याचं घेऊ दे. तुम्ही मान डोलवायचात. मी जिना उतरेपर्यंत पुढची चिठ्ठी हातात घेतलेली असायची.

एकदा त्या परदेशातल्या कंपनीचा मेल आला, आठवतंय? तुमच्या खात्यावरून होणारी हालचाल माणसाची वाटत नाही, एखादं यंत्र लेख उतरवत असावं असा आम्हाला संशय आहे, म्हणून खातं तूर्त गोठवलं आहे. मी रागानं लाल होऊन तो मेल छापून तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचलात आणि तुमचा चेहरा असा खुलला की जणू बढतीचं पत्र आलंय. "म्हंजे मी मशिनीपरमानं काम करतोय म्हना की," असं म्हणून तो कागद तुम्ही घडी करून खिशात घातलात. मी मात्र दोन दिवस कंपनीला लिहीत बसले की हे यंत्र नाही, हे आमचे ग्रंथालय सहायक आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि ते जेवायच्या सुट्टीतही बसतात.

तुमची आणखी एक खोड मला सुरुवातीला सहन व्हायची नाही. मुलगा विषय सांगायचा, 'सहकारी दूध संस्था' किंवा 'सीमाभागातली शाळा', आणि तुम्ही त्याला विचारायचात, ह्यात भांडण कुणाचं कुणाशी हाय? मुलगा गोंधळायचा. मग तुम्ही खुर्ची ओढून त्याला बसवायचात आणि ते भांडण त्याच्याकडून काढून घ्यायचात, म्हणजे कोण काय म्हणतं, कुणाला ते पटत नाही, तुला स्वतःला काय वाटतं. वीस मिनिटांनी त्याच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत ते तुम्ही शोधाच्या चौकटीत टाकायचात. मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन, दोन सुवर्णपदकं घेऊन आलेले. संदर्भसेवेवर मी एक अख्खा पेपर शिकलेले. पण वाचकाला नेमकं काय हवं आहे हे काढून घ्यायचा याहून चांगला प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता तुम्ही त्यावर शेरा मारू शकत नाही.

माझे मेल कुणी उघडत नाही हे तुम्हीच मला दाखवलंत आणि ते मला झोंबलं. तुम्ही माझा मेल छापून घ्यायचात, त्यातला शब्दन् शब्द बाजूला ठेवायचात आणि गाड्या लावायच्या शेडच्या खांबावर स्वतःच्या अक्षरात कागद डकवायचात. माझं वाक्य असायचं, 'संशोधक विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की दूरस्थ प्रवेश सुविधेअंतर्गत नवीन संसाधने उपलब्ध झाली आहेत.' तुमच्या कागदावर असायचं, 'शेतीवरचे नवीन लेख आलेत. घरी बसून वाचता येतात. कसं ते मला विचारा. आप्पा, पहिला मजला.' ते 'मला विचारा' माझ्या डोक्यात जायचं. यंत्रणा मी उभी केली, आणि विचारायचं यांना.

एक पावसाळ्यातला कागद फाटला होता. तुम्ही म्हणालात वाऱ्यानं गेला, दुसरा लिहितो. आप्पा, तो वाऱ्यानं नाही गेला, मी फाडला होता. गाडी लावताना आजूबाजूला कुणी नाही बघून फाडला आणि पर्समध्ये कोंबला. तुम्ही दुसरा लिहिलात तेव्हा खाली आणखी मोठ्या अक्षरात 'आप्पा' घातलंत, त्यामुळं मला आजही शंका आहे की तुम्हाला सगळं कळलं होतं. विचारायचं राहून गेलं. चूक माझी होती, हे मात्र शंका न ठेवता सांगते.

आपलं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वांगी यायची. तुमच्या गावची, कृष्णाकाठची, पिशवीत गुंडाळलेली. सोबत चिठ्ठी नाही, बोलणं नाही. मी ती घरी न्यायची, भरायची, आणि घरात सगळ्यांना कळायचं की आज हिचं आप्पांशी वाजलं होतं. माझा मुलगा तर भाजी चांगली झाली की म्हणायचा, उद्यापण भांड.

शेवटचं भांडण शुक्रवारी झालं. समितीसाठी मी वापराचा अहवाल काढला होता. आपापल्या लॉगिननं सेवा कुणी किती वापरली याची यादी, नावानिशी. सगळ्यात वर तुमचं नाव आणि पुढं भलामोठा आकडा. खाली माझं नाव. त्याखाली दोघं तिघं प्राध्यापक. आणि मग पानभर विद्यार्थ्यांची नावं आणि त्यांच्यापुढं शून्य, शून्य, शून्य. समितीतले काही जण आधीच म्हणत होते की ही सेवा कुणी वापरत नाही, बंद करा. आता माझ्याच हातचा कागद त्यांना पुरावा म्हणून मिळणार होता. मी तो घेऊन तरातरा वर आले. काउंटरवर चार मुलं उभी होती. त्यांच्यादेखत मी तुम्हाला म्हणाले की तुमच्यामुळं ही सेवा बंद पडणार आहे, तुम्ही या मुलांना पांगळं करून ठेवलंय.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुमच्याकडून ते मला नवीन होतं.

"पांगळी न्हाईत, अक्का," तुम्ही म्हणालात. "लाजाळू हाईत."

एरवी तुम्ही मला मॅडम म्हणायचात. फार राग आला किंवा फार माया आली की अक्का. त्या दिवशी दोन्हींतलं काय होतं ते मला ओळखता आलं नाही. तुम्ही हातातल्या चिठ्ठीचं काम पुरं केलंत, हेल्मेट घेतलंत आणि गेलात. रविवारी सकाळी फोन आला की आप्पा आंघोळीला गेले आणि तिथंच पडले. सोमवारी मी ऑफिसात येऊन टेबलाकडं बघितलं. टेबल रिकामं होतं. मी दार लावून घेतलं आणि भरपूर रडले, एवढं इथं लिहून टाकते.

आता पुढचं ऐका, हे तुम्हाला माहीत नाही.

तुमचं लॉगिन बंद केलं त्याच आठवड्यात एक मुलगी आली. रेश्मा तिचं नाव, वारणानगरची, वडील साखर कारखान्यात. दूध संस्थांमधल्या बायकांवर पीएच.डी. करते. ती तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढं चिठ्ठी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, मी जिन्यावरून येताना बघितलं. तिनं विचारलं, आप्पा रजेवर हाईत व्हय? मी सांगितलं. तिनं चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. मी म्हटलं, दे, मी बघते. तर म्हणाली, नको, राहू दे मॅडम, तुम्हास्नी तरास कशाला.

तेव्हा मला तुमचा तो शब्द कळला. लाजाळू. ही मुलगी तीन वर्षं संशोधन करते आहे, गावोगाव फिरून बायकांना प्रश्न विचारते आहे, आणि माझ्यासमोर एक लेख मागायला तिची जीभ उचलत नव्हती. मी तिला लॉगिनबद्दल विचारलं. फॉर्म तिनं पहिल्याच वर्षी भरला होता, पासवर्डही मिळाला होता. एकदा उघडून बघितलं, सगळं इंग्रजीत आलं, कुठंतरी चुकीचं दाबलं गेलं आणि लाल अक्षरात काहीतरी आलं. आपल्याकडून काहीतरी मोडलं असं वाटून तिनं पुन्हा त्या पानाला हात लावला नाही. माझ्या यादीतलं एक शून्य म्हणजे ही रेश्मा होती. अशी किती शून्यं मी आळशी म्हणून काढून टाकली होती.

त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. कळंब्याला, तळ्याच्या अलीकडं. तुमच्या घरी यायचं मी कित्येक वर्षं ठरवत होते आणि आले ती अशी. काकूंनी चहा केला. बोलता बोलता फळीवर ठेवलेला तुमचा फोन वाजला, थोड्या वेळानं पुन्हा वाजला. काकू म्हणाल्या की हा असा रोज वाजतो, पोरगा म्हणतो बंद करून ठेव, पण त्यांच्याच्यानं बंद करवत नाही, आणि उघडायचा कसा ते त्यांना येत नाही.

"कोन असतंय बघ की बाई," त्या म्हणाल्या. "कुनाचं काय अडलं असंल तर."

मी उघडला. आप्पा, मला काउंटरवरच्या चिठ्ठ्या माहीत होत्या. या मला माहीत नव्हत्या. वहीच्या कागदावर लिहून, फोटो काढून पाठवलेल्या चिठ्ठ्या. शिरोळहून, वारणानगरहून, सीमेपलीकडच्या गावांतून, जिथली मुलं आपल्याकडं नाव नोंदवून आहेत आणि वर्षातून दोनदाच येऊ शकतात. काही नोकरी करून शिकणारी, काही लग्न होऊन लांब गेलेल्या मुली. मी मागं मागं जात राहिले. पुरात ज्याचं सगळं छापलेलं साहित्य भिजलं होतं त्या मुलाला तुम्ही सगळेच्या सगळे लेख पुन्हा एकेक करून पाठवले होते, आणि त्या दिवसांत तुमच्या गावच्या घरातही पाणी होतं, तुम्ही तिथं चिखल काढायला रजा घेऊन गेला होता. म्हणजे रजेतही तुमचं लॉगिन चालूच होतं. मला आठवलं, रजेवरच्या माणसाचं खातं कसं वापरलं गेलं म्हणून मी तुम्हाला मेमो द्यायला निघाले होते. दिला नाही, एवढंच माझं नशीब.

आणि सगळ्यात खाली, नवीन संदेश. तुम्ही गेल्यानंतरचे. 'आप्पा, लेख मिळाला न्हाय.' 'आप्पा, रागावलाय का?' 'आप्पा, घाई न्हाय, सवडीनं पाठवा.'

काकूंना मी वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मग मी त्यांना खरी अडचण सांगितली. सेवा वाचवायची तर समितीला सांगावं लागेल की तो भलामोठा आकडा एका माणसाचा नाही, त्याच्यामागं ही सगळी मुलं आहेत. पण ते सांगितलं की हेही कागदावर येणार की आप्पांनी वर्षानुवर्षं नियम मोडला. माणूस गेल्यावर त्याच्या नावावर असं काही लिहिलं जावं हे मला बरं वाटत नव्हतं. गप्प बसले तर तुमचं नाव स्वच्छ राहतं आणि सेवा जाते. मी दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

काकूंनी फार विचार केला नाही.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "त्येनी काय चोरी केली व्हय? लपवायला लागलात तर चोरी केल्यागत दिसंल."

फोन मी त्यांच्या परवानगीनं आठवडाभर माझ्याकडं ठेवला. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर लिहिलं. आप्पा वारले, मी ग्रंथालयातून लिहिते आहे, तुमची चिठ्ठी मला मिळाली आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी हात आपोआप लिहायला लागला, पण 'वारले' हा शब्द काही आपोआप येईना. तिथं दर वेळी थांबायला व्हायचं. त्याखाली लिहायचे की आता लेख मी उतरवून देणार नाही, तुम्हीच उतरवा, मी फोनवर सोबत बसते. काहींनी उत्तर दिलं नाही. बऱ्याच जणांनी दिलं. आणि मग रोज अकरा ते एक मी तुमच्या खुर्चीत बसून फोन कानाला लावून सांगत राहिले, वर उजवीकडं बघ, निळा चौकोन दिसतोय का, दाब, घाबरू नकोस, काही मोडत नाही. हे वाक्य माझ्या माहितीपत्रकात कुठंच नव्हतं आणि सगळ्यात जास्त तेच लागत होतं.

रेश्माला मी शेजारी बसवलं. तिचा पासवर्ड नवा करून दिला आणि हात मागं बांधून बसले. आप्पा, हे तुम्हाला जमलं नसतं. ती चुकत होती, भलत्याच ठिकाणी जात होती, आणि माऊस तिच्या हातातून घ्यायला माझे हात शिवशिवत होते. तुम्ही असता तर दोन मिनिटांत लेख काढून तिच्या हातात ठेवला असतात आणि ती पुढच्या आठवड्यात पुन्हा चिठ्ठी घेऊन आली असती. इथं मी तुमच्याशी अजून भांडते, आणि जोरात भांडते. तुम्ही त्यांना ओळखलंत, त्यांची लाज जपलीत, पण ती लाज त्यांच्याकडंच राहू दिलीत. मी उलट केलं, दार उघडलं आणि दारात कुणी माणूसच ठेवला नाही. आपण दोघांनी एकत्र बसून हे केलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तुम्ही वर आणि मी खाली, मधे एक जिना, आणि तो आपण फक्त भांडायला चढलो उतरलो.

रेश्माला लेख सापडला. ती ओरडली वगैरे नाही, नुसती माझ्याकडं बघून म्हणाली, आप्पांना दावायला पायजे होतं.

आता आजची बैठक. समितीतल्या एका प्राध्यापकांनी माझा अहवाल समोर धरला आणि शांतपणे सांगितलं की या सेवेचा एकच खरा वापरकर्ता होता आणि तो आता हयात नाही, म्हणजे प्रत्यक्ष वापर जवळजवळ शून्य. त्यांचं गणित चुकलं नव्हतं. मी उभी राहिले. तुम्हाला माहीत आहे, मला बैठकीत बोलायची भीती कधी वाटली नाही, आज तर बिलकूल वाटली नाही. मी चिठ्ठ्यांचे फोटो छापून नेले होते. नावं झाकली होती, गावं ठेवली होती. ती टेबलावर मांडली आणि सांगितलं की हा एक वापरकर्ता नाही, ही सगळी आपलीच मुलं आहेत, ह्यातल्या प्रत्येकाचा या सेवेवर हक्क आहे. फक्त ती आपल्या दारातून न येता आप्पांच्या दारातून आली. का आली हे आपण एकदाही विचारलं नाही.

एक जण म्हणाले, पण हा तर सरळ नियमभंग आहे. मी म्हटलं, आहे. आणि मला तो माहीत होता, मी थांबवला नाही, तेव्हा माझाही आहे. मग अध्यक्षांनी विचारलं की आता ते नाहीत, तर हे पुढं करणार कोण. मी सांगितलं की रोज दोन तास मी काउंटरवर बसेन, आणि ज्यांची लॉगिनं गेल्या आठवड्यात पहिल्यांदा उघडली त्यांची यादीही पुढं केली. यादी काही फार मोठी नव्हती. पण तिच्यात शून्य एकही नव्हतं.

सेवा वर्षभर चालू ठेवायची असं ठरलं. वर्षानं पुन्हा बघतील. बघू देत, तोवर मी यादी वाढवते. शेडच्या खांबावर उद्या कागद लावणार आहे, माझ्या अक्षरात, आणि त्यावर 'मला विचारा' असंच लिहिणार आहे.

राहता राहिलं इतिवृत्त. नियमभंगाची नोंद करावी लागेल असं अध्यक्ष म्हणाले, त्यांचंही बरोबर होतं, ऑडिटला कागद लागतो. मी म्हटलं, जरूर करा, फक्त शब्द मला सांगू द्या. त्यांनी हात पुढं करून 'सांगा' अशी खूण केली. मी सांगितलं आणि लिपिकानं जसंच्या तसं टंकलं. तुमचं पूर्ण नाव, पद, आणि पुढं असं : 'यांनी आवाराबाहेरील विद्यार्थ्यांसाठीची ऑनलाइन सेवा स्वतःच्या लॉगिनवरून, नियमाबाहेर जाऊन, आजवर एकट्याने चालवली. ती यापुढे ग्रंथालयाने चालवावी.'

अध्यक्षांनी ते वाचलं. 'एकट्याने' या शब्दाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मला विचारलं, हा शब्द असाच ठेवायचा का. त्यांना कळलं होतं की तो शब्द तुमच्याबद्दल कमी आणि त्या टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांबद्दल जास्त आहे. मी म्हटलं, असाच ठेवा. त्यांनी सही केली आणि कागद फिरवला. एकेकानं केली. शेवटी तो माझ्याकडं आला.

आप्पा, त्या शब्दाखाली माझीही सही आहे.